डिस्क पुसून स्थापना

लॅपटॉपमध्ये विंडोज टाकायचं, विंडोज काढून लिनक्स टाकायचं, लिनक्स काढून परत विंडोज टाकायचं, यात माझी उमेद गेली. आता दिवाळी अंकासाठी म्हणे "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." कसल्या गमती? डोक्याला ताप आहे नुसता. पण लिहा म्हणताय तर लिहिते, मग वाचताना तुम्हाला माझा आवाज चढलेला वाटला तर मला दोष देऊ नका.

माहेर माझं अमरावतीचं. काम तिथेच शिकले, दुकान मात्र सासरी, अकोल्यात. दुकानात आलेलं गिऱ्हाईक अजूनही माझ्या डोक्यावरून आत पाहतं आणि विचारतं, "मिस्तरी कुठी गेले?" मी म्हणते मीच मिस्तरी. मग ते थोडा वेळ माझ्याकडे पाहतं, थोडा वेळ हातातल्या पिशवीकडे पाहतं, आणि म्हणतं, बरं, मंग थोड्या वेळानं येतो. थोड्या वेळानं येतं आणि पुन्हा मीच असते. एवढ्या वर्षांत यात काडीचा फरक पडलेला नाही, मीच चिडायचं कमी केलं. म्हणजे तसं मी म्हणते, घरचे म्हणत नाहीत.

धंदा काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लॅपटॉप म्हणजे नुसतं डबडं. आत पडदा आहे, कळफलक आहे, आवाजाची सोय आहे, माहिती ठेवायची डिस्क आहे, पण कोणाचा कोणाला पत्ता नाही. या सगळ्यांना कामाला लावणारी जी व्यवस्था, ती ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही तशी एक आहे, लिनक्स ही दुसरी, आणि ही फुकट मिळते. आमच्याकडे कोणी एवढं लांबलचक बोलत नाही. गिऱ्हाईक म्हणतं "विंडो मारून द्या." कोणी म्हणतं "फॉरमॅट मारा." कळफलकाची कळ अडकली, फॉरमॅट मारा. पडदा फुटला, फॉरमॅट मारून पाहा. फॉरमॅट मारल्यावर आतलं सगळं जातं हे सांगितलं की म्हणतात, सगळं म्हणजे फोटो पण?

आणि ड्रायव्हर. नवी सिस्टीम म्हणजे घरात आलेली नवी सून. कामाला वाघ आहे, पण मिठाचा डबा कुठे आहे ते तिला कोणीतरी दाखवावं लागतं. वायफाय कसं चालवायचं, आवाज कसा काढायचा, हे प्रत्येक भागापुरतं दाखवणारा जो छोटा प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हे मी एका गृहस्थाला पोटतिडकीनं समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ड्रायव्हर कायले पायजे ताई, मी सोताच चालवतो, घरी दुसरं कोणी हातच लावत नाई.

ड्रायव्हरांतला सगळ्यात बदमाश म्हणजे वायफायचा. नवी सिस्टीम टाकली की कधीकधी वायफाय दिसतच नाही, कारण त्याचा ड्रायव्हर आत नसतो. तो ड्रायव्हर कुठे मिळेल? नेटवर. नेट कशानं येईल? वायफायनं. बसा आता एकमेकांचं तोंड पाहत. वाघांच्या जंगलातल्या सेमाडोहचा एक माणूस होता, पर्यटकांना खोल्या भाड्यानं देणारा. लिनक्स टाकून झालं, ड्रायव्हर बाकी होता, तर म्हणे माझी बस निघून जाते, आणि लॅपटॉप बगलेत मारून गेलासुद्धा. घाट चढून पोचला आणि फोन, वायफाय नाही. मी म्हटलं नेटवरून ड्रायव्हर घ्या. तो म्हणाला, नेट असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता? बरोबर होतं त्याचं. मग मी सांगितलं, फोनची वायर लॅपटॉपला लावा, फोनचं नेट आत जाईल. पण त्याच्या फोनला रेंज फक्त रस्त्यावरच्या एका पुलापाशी. हा बुवा लॅपटॉप मांडीवर घेऊन पुलाच्या कठड्यावर बसला, वायर लोंबते आहे, आणि मी अकोल्यातून ओरडते आहे. जाणाऱ्या जिपा थांबायला लागल्या. हा टक लावून बसलाय म्हणजे वाघच दिसला असणार, असं वाटलं लोकांना.

हे सगळं अलीकडे वाढलं, कारण नवं विंडोज जुन्या लॅपटॉपवर बसत नाही. चांगला धडधाकट लॅपटॉप, त्याला म्हणे तू चालणार नाहीस. मग लोक येतात, ताई, दुसरं काही टाकून द्या. आणि जे येत नाहीत ते व्हिडिओ पाहून घरीच टाकतात. या घरी टाकणाऱ्यांनी मला जेवढं रडवलं तेवढं कोणीच रडवलं नाही. त्यातलेच एक हिवरखेडचे बाबारावजी.

बाबारावजी माळी समाजाचे. वावरात भाजीपाला, झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि माल घेऊन अकोल्याच्या बाजारात नेहमीचं येणं. साठीचे असतील. वावरातल्या ठिबकचा टायमर बिघडला तर स्वतः खोलून दुरुस्त करणारा माणूस. बाजार उरकला की माझ्या दुकानात टेकायचे आणि प्रश्न विचारायचे. हे काय होय, ते काहून असं होते, आणि मुख्य म्हणजे हे सगळं इंग्रजीत काहून हाये. मी मराठीत करून देते म्हटलं की खूश व्हायचे. त्यांच्या फोनपासून टीव्हीपर्यंत सगळं मराठीत. गावात कोणाचा फोन इंग्रजीत दिसला तर तोही मराठीत करून द्यायचे, आणि मग तो माणूस कुठे काय गेलं ते शोधत माझ्याकडे यायचा.

त्या शुक्रवारी ते भर बाजाराच्या वेळी आले ते पिशवीत लॅपटॉप घेऊन. म्हणाले, ताई, वायफाय नाई चालून राह्यलं, तेवढा ड्रायव्हर टाकून द्या, पाच वाजताच्या गाडीनं मले परत जायचं हाये. मी लॅपटॉप उघडला. लिनक्स. मराठीत. स्वच्छ, कोरं करकरीत. विचारलं कोणी टाकलं, तर छाती काढून म्हणाले, मीनं टाकलं. व्हिडिओ पाहून. तेल्हाऱ्याहून पेनड्राइव्ह भरून आणला आन् टाकलं.

मी म्हटलं वा, आणि ड्रायव्हर शोधायला लागले. शोधता शोधता डिस्क पाहिली. विंडोजचा मागमूस नाही. एकच मोठा कप्पा, त्यात लिनक्स, आणि एक कुठला तरी लग्नाचा व्हिडिओ. विचारलं, लॅपटॉप कोणाचा? म्हणाले प्रणालीचा.

प्रणाली म्हणजे त्यांची मुलगी. अमरावतीला खोली करून राहते, कापडावरच्या डिझाइनचं शिकते, म्हणजे तेव्हा शिकत होती. लुगड्याचे काठ, चादरीवरची फुलं, ड्रेसचं छापील कापड, हे कोणीतरी आधी काढलेलं असतं, ते काढणारी. या पोरीला नांदगाव पेठच्या एका कापडाच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. सोमवारी मुलाखत, तुमची कामं घेऊन या म्हणाले होते. हे बाबारावजींनीच मला आठ दिवसांपूर्वी पेढा देऊन सांगितलं होतं. त्यांच्या घरातून शिकून नोकरीला लागणारी ती पहिलीच. दोन वर्षांची तिची सगळी कामं या लॅपटॉपमध्ये होती. लॅपटॉप फार रेंगाळत होता, म्हणून गावी आली तेव्हा तिनं तो ठेवून दिला आणि बापाला सांगितलं, ताईले दाखवा आन् रविवारी घेऊन या.

आणि बापानं तो मला दाखवायच्या आधी स्वतःच उघडला. का? तर पोट्टी सोमवारी मोठ्या लोकायसमोर बसन, आन् हा गुरगुर करत बसला तं तिची इज्जत जाईन. नव्यासारखा पळवून दाखवू म्हटलं तिले.

मी जमेल तेवढ्या शांतपणे विचारलं, "भाऊ, टाकताना त्यानं काय विचारलं होतं? तुम्ही काय दाबलं?"

त्यांना सगळं पाठ होतं. पडद्यावर मराठीत दोन पर्याय आले. पहिला, विंडोजच्या शेजारी स्थापना करा. दुसरा, डिस्क पुसून स्थापना करा. त्यांनी विचार केला. शेजारी नको, शेजाराचं काय होते ते आपण वावराच्या धुऱ्याबांधावर पाह्यतोच. दुसरं बरं. डिस्कले पुसून करते म्हणजे रीतसर करते.

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर इथे थोडं थांबा. आमच्या वऱ्हाडात पुसणे म्हणजे विचारणे. "त्याले पुसून पाय" म्हणजे त्याला विचारून बघ. भांडीही पुसतात, नाही असं नाही, पण बाबारावजींचं म्हणणं बिनतोड होतं. ते म्हणाले, "ताई, डिस्क डब्ब्याच्या आत. तिले फडक्यानं कोण पुसन? मंग पुसणं म्हणजे इचारणंच ना?" आणि स्थापना म्हटल्यावर तर त्यांना काही वावगं वाटलंच नाही, कारण स्थापना आपण गणपतीची करतो. पुढे यंत्रानं शेवटची ताकीद दिली होती, हे बदल डिस्कवर लिहिले जातील. ते वाचून ते अजूनच निर्धास्त झाले. लिहून ठेवून राह्यला म्हणजे हिशोबी दिसते, म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. मला त्या माणसावर ओरडायचं होतं आणि ओरडायला जागा सापडत नव्हती. ज्यानं कोणी ते मराठी केलं त्यानं चांगलं, शुद्ध मराठी केलं होतं. ज्यानं वाचलं त्यानं आपल्या घरच्या मराठीत वाचलं. आणि दोघांच्या मधे पोरीची दोन वर्षं गेली.

"त्यानं पुसतो म्हटलं होतं ताई," बाबारावजी म्हणाले, "आन् मंग मले काईच नाई पुसलं."

मी म्हटलं, "पुसलं भाऊ. सगळं पुसलं."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते माझ्या टेबलाला धरून हळूच स्टुलावर बसले. प्रणालीचं गेलं काय, एवढंच विचारलं. मी म्हटलं अजून माहीत नाही.

खरंच माहीत नव्हतं. पुसलं म्हणजे काय होतं ते सांगते. डिस्कवरचं सामान कोणी खरडून काढत नाही. कुठलं सामान कुठे ठेवलंय ही नोंद तेवढी काढून टाकतात, आणि जागा रिकामी आहे असं समजायला लागतात. सामान तिथेच पडून असतं. पण मग नवं सामान आलं की ते बिनधास्त जुन्याच्या अंगावर येऊन बसतं, आणि ज्याच्यावर बसलं ते मात्र कायमचं संपलं. लॅपटॉप जुना, डिस्क गरगर फिरणारी जुन्या पद्धतीची, हे नशीब. नव्या पद्धतीची डिस्क रिकामी झालेली जागा आतून खरंच साफ करून टाकते, ती असती तर मी हात जोडून परत पाठवलं असतं. म्हणून पहिला प्रश्न मी केला तो असा, लिनक्सनंतर आत काय काय टाकलं?

म्हणाले, जास्त नाई, एक पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ टाकला. चालते का नाई पाह्यले. हळदीपासून पाठवणीपर्यंत, बँडसकट. अहो, एक गाणं टाकून पाहायचं, एक फोटो टाकायचा, अख्खं लग्न कशाला? ते नवरा-नवरी मला आजही रस्त्यात भेटले तर मी ओळखीन आणि दोन शब्द ऐकवीन. पण वायफाय चालत नव्हतं म्हणून नेटवरून मात्र काही आत आलं नव्हतं. ते चालू असतं तर लिनक्सनं स्वतःच्या सुधारणा उतरवून उरलेलीही जागा व्यापली असती. ज्या ड्रायव्हरला मी जन्मभर शिव्या घातल्या, तो जागेवर नव्हता म्हणून काहीतरी वाचायची आशा होती. हे मी बाबारावजींना सांगितलं नाही, नाहीतर त्यांना वाटलं असतं बरंच केलं.

मी मशीन बंद केलं, डिस्क बाहेर काढली. ते म्हणाले, "ताई, पोट्टीले सांगू नोका. तुमी काढून देता, मले माहीत हाये."

इथे माझा पारा चढला. म्हटलं मी सांगणार नाही, तुम्ही सांगाल, आणि आत्ता सांगाल. सोमवारी ती कारखान्यात जाऊन लॅपटॉप उघडेल तेव्हा कळू द्यायचं का? आणि तिचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतच नाही, हे तरी माहीत होतं का? माहीत नव्हतं. त्यांनी फोन लावला. जेवली काय, विचारलं. नळ आला काय, विचारलं. खोलीवालीची तब्येत विचारली आणि ठेवून दिला. मी नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. पुन्हा लावला. यावेळी हिवरखेडला ढग आले आहेत हे सांगितलं. मग मी फोन हातातून घेतला. म्हटलं प्रणाली, मी अकोल्याची लॅपटॉपवाली ताई, उद्या सकाळी दुकानात ये, आणि फोनमध्ये, पेनड्राइव्हमध्ये तुझं काही काम असेल ते सोबत आण.

ती म्हणाली, "बाबानं काय केलं?"

मी म्हटलं ये तर खरी.

बाबारावजींची पाच वाजताची गाडी गेली. ते अकोल्यातच एका नातेवाइकाकडे राहिले. मी डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून घेतली, म्हणजे मूळ डिस्कला पुन्हा हात लावायला नको, आणि नकलेवर शोध सुरू करून दिला. या शोधाला घाई चालत नाही. तो डिस्कचा कोपरा न् कोपरा चाचपत जातो आणि चित्रासारखं काही दिसलं की उचलून बाजूला ठेवतो. फक्त नावं परत येत नाहीत. पोरीनं "शेवंती काठ" असं नाव देऊन ठेवलेलं चित्र परत येतं ते नुसता एक लांबलचक आकडा होऊन. आणि तो शोध आपलं-परकं ओळखत नाही. आयुष्यात त्या लॅपटॉपवर जे जे चित्र म्हणून आलं ते सगळं आणून समोर ओततो.

सकाळी पाहिलं तर हजारो चित्रं. शुभ सकाळ म्हणणारे गुलाब, देवांचे फोटो, वाढदिवसाचे केक, नखाएवढी कसली कसली चिन्हं, कॉलेजच्या सहलीचे फोटो, आणि त्यात मधे मधे एकदम डोळ्यांत भरणारी फुलं. झेंडूची नक्षी, निशिगंधाची वेल, कांद्याच्या पातीचा काठ. पोरीनं बापाचं वावर कापडावर उतरवलं होतं. काही चित्रं पूर्ण होती. काही वरून अर्धी आणि खाली राखाडी पट्टा. आणि जिच्यात प्रत्येक रंग वेगळ्या थरावर असतो, जी कारखान्याला लागते, ती मूळ फाइल जवळजवळ कुठल्याच डिझाइनची उघडत नव्हती. तिथे लग्न बसलं होतं.

प्रणाली आली. बारीक चणीची, पाठीवर बॅग, बसमधून उतरून सरळ आलेली. मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, गोडही केलं नाही. ती पडद्याकडे पाहत राहिली. फोनमध्ये थोडी धूसर चित्रं होती, पेनड्राइव्हमध्ये पहिल्या वर्षाचं काही. बाकी सगळं इथेच होतं. गावात नेट धड नाही, दुसरीकडे ठेवते ठेवते म्हणत राहून गेलं होतं. मी एरवी यावर गिऱ्हाइकाला झापते. तिला झापलं नाही.

बाबारावजी मात्र बोलायला लागले. आदल्या दिवसापासून मनात जुळवून ठेवलं असणार. त्या यंत्रात असं लिहिलं होतं, मीनं असं समजलं, कोणीही असंच समजलं असतं, हा शब्द ज्यानं लिहिला तो वऱ्हाडातला नसन, पुण्याकडचाच असन, त्यानं इचार नको करायले? पुसतो म्हणते आन् पुसत नाई म्हणजे ही फसवणूकच होय. ताईले इचार, ताई पण हेच म्हणते. मी असं काही म्हटलं नव्हतं.

प्रणालीनं सगळं ऐकून घेतलं. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, त्यानं तुमाले नाई पुसलं. तुमी मले पुसलं होतं काय?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी पटकन खाली वाकून स्क्रू शोधायला लागले, पडलेला नसताना. आमच्याकडचा त्या वयाचा बाप परक्यांसमोर पोरीचं ऐकून घेत नाही. आवाज चढवतो, नाहीतर उठून जातो. मी दोन्हीची वाट पाहत होते.

"नाई पुसलं," बाबारावजी म्हणाले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही नोकरीतच अडकून बसाल. सोमवारी ती नांदगाव पेठला गेली. जी चित्रं वाचली होती ती दाखवली. त्यांनी मूळ फायली मागितल्या. तिनं खरं सांगितलं, नाहीत म्हणून. मग त्यांनी तिथेच बसवून एक काठ काढायला लावला. घेतलं तिला, पण डिझायनर म्हणून नाही, दुसऱ्यांच्या डिझाइनचे रंग वेगळे करून देणारी म्हणून. डिझायनरच्या खुर्चीत बसायला तिला आणखी बराच काळ लागला. मूळ फायली असत्या तर पहिल्याच दिवशी बसली असती, हे मला आजही लागतं. गेलेल्यांपैकी काही तिनं पुन्हा काढल्या, काही नाही जमल्या. आणि मी त्या दिवसापासून दुकानात पुसणे हा शब्द बंद केला. उडणार, म्हणते. आतलं सगळं उडणार, समजलं का? आणि गिऱ्हाईक तीनदा हो म्हणेपर्यंत कशालाही हात लावत नाही. त्यावरही लोक म्हणतात, बाई फार कटकट करते.

पण त्या शनिवारी तेवढं "नाई पुसलं" झालं. काम तर बाकी होतं. त्या हजारो बिननावाच्या चित्रांतून तिची वेगळी काढायला हवी होती, आणि ते माझ्यानं होण्यासारखं नव्हतं. कुठलं तिनं काढलेलं आणि कुठलं कोणी पाठवलेलं, मला काय कळणार? मी म्हटलं, बसून एक एक पाहा, तुझं असेल ते ठेव. तिनं मान हलवली, पण हात बॅगेवर तसेच ठेवून बसून राहिली. डोळे भरले होते, त्यात तिला दिसत तरी काय होतं.

बाबारावजींनी स्टूल ओढलं आणि माऊस हातात घेतला. भाऊ, हात लावू नका, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी पहिलं चित्र उघडलं. शुभ सकाळचा गुलाब होता, शेंबड्या पोरालाही कळलं असतं की तिचा नाही. त्यांनी माऊसवरून हात उचलला आणि तिच्याकडे वळून विचारलं,

"बेटा, हे ठेवू काय?"

ते थांबून राहिले. हात मांडीवर, माऊसकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाई," ती म्हणाली.

त्यांनी ते काढलं. दुसरं उघडलं, झेंडूची नक्षी, पूर्ण. पुन्हा हात उचलला. हे ठेवू काय? ठेवा. मग देवाचा फोटो. हे? नाई. मग नखाएवढं एक चिन्ह. तेसुद्धा विचारलं. मी म्हटलं भाऊ, हे सगळं विचारत बसलात तर आठवडा लागेल, चिन्हं मी एकदम काढून देते. ते मला म्हणाले तुमी तुमचं काम करा, ताई. एवढ्या वर्षांत मला माझ्याच दुकानात असं कोणी सांगितलं नव्हतं. मी माझं काम करायला लागले.

एक गिऱ्हाईक विंडो मारायला आलं, त्याला उद्या ये म्हटलं. चहा आला, तसाच थंड झाला. हे ठेवू काय, नाई. हे ठेवू काय, ठेवा. दुपार कलली तरी तो माणूस प्रत्येक चित्रापाशी थांबत होता, हात उचलत होता आणि पोरीकडे वळत होता.

मग एक अर्धं चित्र आलं. वर निशिगंधाची वेल, आणि मधोमध तुटून खाली नुसती राख. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग हात उचलला.

"हे अर्धंच हाये," ते म्हणाले. "हे ठेवू काय?"

प्रणालीनं ओढणीनं डोळे कोरडे केले, खुर्ची पुढे सरकवली आणि पडद्याजवळ वाकून ते चित्र नीट पाहिलं.

"ठेवा, बाबा," ती म्हणाली. "खालचं मी काढीन."